कठड्याला गुंडाळलेली दोरी

१

समुद्रात कोणीच पडलं नव्हतं. पण हे नक्की कळेपर्यंत आमची अख्खी सकाळ गेली.

झालं असं, की जहाजाच्या मागे पाण्यावर लाल-पांढरं कडं तरंगताना एका खलाशाला दिसलं. बुडणाऱ्याला फेकतात ते कडं. त्याने वर कळवलं, भोंगा झाला, आणि आमचं हे एवढं थोरलं धूड कण्हतकुथत मागे वळलं. होड्या उतरल्या. प्रवाशांना जेवणाच्या हॉलमध्ये बसवून मोजलं, मग पुन्हा मोजलं. सगळे हजर. पाण्यात त्या कड्याशिवाय काहीही मिळालं नाही.

मी या जहाजाची सुरक्षा अधिकारी. सगळे मोठ्या बाई म्हणतात. आधी पोलिसात होते, आता इथे आहे, आणि थोड्याच दिवसांत घरी बसेन. गुडघ्यांनी राजीनामा आधीच दिलाय, बाकीची मी अजून नोकरी करते. कुटुंबांच्या सहलीचं जहाज म्हणजे निवांत काम, असं मला कोणीतरी सांगितलं होतं. तो माणूस भेटला तर त्याच्याशी दोन शब्द बोलायचे आहेत.

कप्तानाने मला बोलावलं तेव्हा त्याचा चेहरा पडलेला होता. माणूस तसा बरा, पण रागावला की आवाज चढवायच्या ऐवजी खाली नेतो. ते जास्त वाईट.

"बाई, हा पोरखेळ कोणी केला?" तो म्हणाला. "बंदरावरचा अर्धा दिवस गेला. लोक माझ्या नावाने बोटं मोडताहेत. उद्या सकाळी बंदर लागेल, त्याआधी मला नाव हवंय."

"आणि नाही मिळालं तर?"

"तर शिट्टीला उतरवतो. डेक तिचा, फाटक तिचं. फाटक उघडं सापडलं. मुलांच्या सुरक्षेत हयगय, असा शेरा मारून उतरवतो."

शिट्टी म्हणजे मोठ्या मुलांच्या गटाची ताई. गळ्यात कायम शिट्टी, म्हणून ते नाव. असा शेरा घेऊन उतरलेल्या ताईला दुसरं कुठलंही जहाज दारात उभं करत नाही, हे कप्तानाला ठाऊक होतं आणि मलाही.

"तिने केलं नसेल तर?" मी विचारलं.

"म्हणून तर तुम्हाला बोलावलं," तो म्हणाला आणि खिडकीकडे वळला.

२

मागच्या डेकवर गेले. तिथला कॅमेरा मिठाच्या हवेने आंधळा झालेला, तो बदला म्हणून मी सांगून थकले होते. आता सगळे मलाच विचारत होते, कॅमेऱ्यात काय दिसतंय.

आमच्याकडची व्यवस्था आधी सांगते, म्हणजे घोळ होणार नाही. अकरा ते चौदा हा लहान गट, त्यांच्या मनगटावर निळा पट्टा. पंधरा ते सतरा हा मोठा गट, त्यांना नारिंगी. पट्टा एकदा बांधला की सहल संपेपर्यंत सुटत नाही. लहान गटाला आत मोठी खोली, रंगकाम, नाटक, कोडी वगैरे. मोठ्यांना हा मागचा डेक, चेंडूचं जाळं आणि "आम्हाला एकटं सोडा" म्हणायची मुभा. लहान गटाने इथे यायचं नाही. म्हणून फाटकाची कडी मुद्दाम उंचावर बसवलीय. मी टाचा उंचावल्या तेव्हा कुठे माझी बोटं पोचली.

कड्याचा आकडाही तसाच उंच. आणि त्याच्या खाली, कठड्याच्या दांड्याला, दोरीचा तुकडा गुंडाळलेला होता. कड्याला बांधलेल्या दोरीचं दुसरं टोक. त्याचे वेढे नीट, घट्ट, एकाशेजारी एक. पुढे दोरी तुटलेली. कडं पाण्यात पडलं, जहाज पुढे गेलं, दोरी ताणली आणि तुटली.

मी बराच वेळ तिथे उभी होते. खोडी काढायची असेल तर माणूस कडं उचलतो आणि भिरकावतो. आधी दोरीचं टोक सांभाळत बसत नाही. पाण्यातल्या माणसाला ओढून घ्यायचं असेल, तरच टोक सांभाळायचं.

म्हणजे ही खोडी नव्हती. फेकणाऱ्याला पाण्यात कोणीतरी खरंच दिसलं होतं. आणि सगळे तर हजर होते.

३

शिट्टी तिच्या खोलीत पलंगाच्या कडेवर बसली होती. बॅग उघडी, अर्धी भरलेली.

"एवढी घाई कशाला?" मी म्हटलं.

"उतरवणारच आहेत ना, मोठ्या बाई. मग धावपळ नको." रडून झालं होतं, आता नुसती थकलेली होती. "मी कडी लावली होती. खेळ झाला, सगळ्यांना आइस्क्रीमला खाली नेलं, आणि जाताना कडी लावली. शपथ घेऊन सांगते."

"सगळ्यांना नेलंस?"

तिने बॅगेतल्या एका सदऱ्याची उगाच पुन्हा घडी घातली. मग म्हणाली, "गॉगल मध्येच गेला. बाथरूमला म्हणून."

गॉगल हे प्रकरण जहाजावर सगळ्यांना माहीत होतं. सतरा वर्षांचा, खोलीच्या आतसुद्धा काळा चष्मा. पहिल्याच दिवशी त्याने डेकवरच्या गाद्या पोहण्याच्या तलावात टाकल्या होत्या. सगळं जहाज त्याच्याकडेच बोट दाखवत होतं.

"आणखी एक विचारते. पहिल्या दिवशीचा बचावाचा धडा, तो तुझ्या गटाने केला होता?"

तिचा चेहरा उतरला. "नाही. हे बाळांचं आहे म्हणाले सगळे. मी सोडून दिलं त्यांना. हे चुकलंच माझं."

तो धडा आमचा म्हातारा खलाशी घेतो. मुलांना कडं फेकायला शिकवतो, आणि त्याने एक स्वतःची युक्ती काढलीय. आम्ही मोठी माणसं दोरीचं टोक पायाखाली दाबून धरतो. मुलांच्या अंगात तेवढा जोर नसतो, दोरीबरोबर तीच फरफटत जातील, म्हणून तो त्यांना आधी टोकाचे वेढे कठड्याला द्यायला शिकवतो. वेढे एकाशेजारी एक, घट्ट. त्याच्याशिवाय असं जहाजावर कोणी करत नाही.

"मग बॅग रिकामी कर," मी म्हटलं. "निदान आजचा दिवस तरी."

४

गॉगलला मी वाचनालयाच्या मागच्या कोपऱ्यात गाठलं. त्याच्या हातात दोरी दिली आणि म्हटलं, "पाण्यात माणूस पडलाय. फेक."

"काय?"

"कडं फेकायचंय. दोरीचं काय करशील?"

त्याने दोरीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि बुटाची नाडी बांधतात तशी गाठ टेबलाच्या पायाला मारली. मी ओढली तर लगेच सुटली.

"बाथरूमला कुठे गेला होतास एवढा वेळ?"

त्याने चष्मा काढला. डोळे लहान मुलासारखे लाल. "इथेच होतो. झोपलो होतो. आईबाबा रात्रभर भांडतात, मॅडम. खोली एकच आहे ना." मग घाईने म्हणाला, "हे शिट्टीताईला सांगू नका. तिला वाटतं मी भारी आहे."

मी कोणाला काही सांगणार नव्हते. त्याला म्हटलं, झोप, जेवणाला कोणीतरी उठवेल.

दुसरा संशयित होता निवृत्त मुख्याध्यापक. रोज कप्तानाकडे तक्रार, की या कार्ट्यांना डेक देऊन म्हाताऱ्यांची फिरायची जागा घालवली. त्या वेळी ते मागच्याच बाजूला फेऱ्या मारत होते, आणि डेक बंद व्हावा ही त्यांची मनापासूनची इच्छा होती. बोलताना त्यांनी चहाचा कप डाव्या हाताने उचलला. उजवा हात खांद्याच्या वर जात नाही, आणि डाव्यात काठी असते. उंचावरचं ते जड कडं त्यांच्याने निघणं शक्यच नव्हतं.

"तुम्ही कोणाला पाहिलंत?" मी विचारलं.

"पाहिलं नाही. ऐकलं. कोणीतरी जिन्यावरून धडाधडा खाली पळालं. मी ओरडलो, जिन्यात पळू नका म्हणून. उभा जन्म तेच ओरडण्यात गेला." त्यांनी कप खाली ठेवला. "पळणारं कोणीतरी रडत होतं, असं वाटलं मला. पण माझे कान आता भरवशाचे राहिले नाहीत."

५

इथेच घोडं पेंड खात होतं. वेढे द्यायची युक्ती फक्त लहान गटाला येते. खलाशी असता तर पायाखाली दोरी दाबली असती, आणि प्रवाशांपैकी मोठ्या कोणाला हे ठाऊकच नव्हतं. आणि लहान गटातल्या कोणाचा हात त्या कडीला पोचत नाही. उंची मोठ्या गटाची, शिकवण लहान गटाची. असा प्राणी आमच्या जहाजावर असायला नको होता.

लहान गटाच्या खोलीत गेले. तिथली थंड हवा म्हणजे दुकानात भाजी ठेवतात तशी. मुलं जाकिटं घालून कागदाचे मुखवटे रंगवत होती. बहुतेकांची डोकी माझ्या खांद्याच्या खाली. कोपऱ्यात एक मुलगी गुडघ्यावर बसून धाकट्या भावाच्या बुटाची नाडी बांधत होती. लांब वेणी, निळा पट्टा. भावाने मोठं जाकीट घातलं होतं, बाह्या हातांच्याही खाली लोंबत होत्या. मुलगी स्वतः पातळ सदऱ्यात, दंडांवर काटा आलेला.

"तुला थंडी वाजत नाही?" मी विचारलं.

"नाही, मॅडम," ती म्हणाली. दात वाजत होते.

भाऊ माझ्याकडे बघेना. मी लहान गटाच्या ताईला बाजूला घेतलं. "कडं पडलं तेव्हा कोण बाहेर होतं?"

"लपाछपी चालली होती, मोठ्या बाई. निम्मी मुलं बाहेरच्या व्हरांड्यात. कोण कुठे, कसं सांगू?"

तो व्हरांडा मागच्या डेकच्या बरोबर खाली येतो. ते मनात ठेवलं आणि निघाले, कारण गुडघ्यांनी आता उघड बंड पुकारलं होतं.

जहाजाचा डॉक्टर तरुण आहे, बोलका. गुडघ्यावर दुखण्याचा फवारा मारता मारता माझं मन रमवायला लागला.

"या सहलीत समुद्र फार जणांना लागलाय. ती एक लांब वेणीवाली, बिचारी. आई तीनदा विचारून गेली, पूर्ण गोळी द्यायची की अर्धी. म्हटलं सोळा वर्षांच्या मुलीला पूर्णच द्यायची. पण ती झोपेल तर ना. सारखी त्या भावाच्या मागे."

"किती वर्षांची म्हणालात?"

"सोळा. का हो?"

मी फवाऱ्याचा पाय तसाच खाली ठेवला आणि उठले.

६

आता आमची गोष्ट ऐका. मुलांना गटात घालताना आईबाप वय सांगतात ते आम्ही मांडून घेतो. तपासतो फक्त पंधराच्या वरचं. कारण सगळे वय वाढवतात. बारा वर्षांचं पोर मोठ्या गटात जायला धडपडतं आणि आईबाप त्याची री ओढतात. वय कमी करून सांगणारं माणूस आजवर कोणी पाहिलेलंच नाही. म्हणून खालच्या बाजूला आमचं दार सताड उघडं.

औषधाच्या वेळी मात्र आईला खोटं बोलवलं नाही.

मुलीची आई आरामखुर्चीवर होती, मांडीवर पुस्तक उपडं. पहिलंच पान असावं. मी शेजारी बसले.

"तुमची मुलगी सोळा वर्षांची आहे," मी म्हटलं.

ती दचकली नाही. नुसतं पुस्तक मिटलं. "हो. धाकटा एकटा राहत नाही हो. ती बरोबर असली की मला बघावं लागत नाही. दोन वर्षांनी सुट्टी मिळालीय मला. चार दिवस कोणी आई म्हणून हाक मारू नये, एवढंच वाटत होतं." मग विचारलं, "एवढ्याशा गोष्टीला दंड वगैरे आहे का?"

"तुमच्या मुलाचं जाकीट कुठंय?"

"त्याच्या अंगावर असेल ना."

"त्याच्या अंगावर ताईचं आहे. त्याचं कुठल्या रंगाचं होतं?"

"लाल," ती म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिचा चेहरा बदलला. पण तिला अजून पुरतं कळलं नव्हतं. मला कळलं होतं.

७

दोघांना मी माझ्या ऑफिसात बोलावलं, आईसकट. धाकट्याला आधी विचारलं. त्याने ओठ घट्ट मिटले होते, अळीमिळी गुपचिळी.

"जाकीट वाऱ्याने गेलं ना?" मी म्हटलं. "कोणी रागावणार नाही."

त्याने आईकडे पाहिलं. "लपताना व्हरांड्याच्या कठड्यावर ठेवलं होतं. उडालं. मी मुद्दाम नाही केलं."

मग मी मुलीकडे वळले. तिने आधीच मान खाली घातली होती.

"तू वर होतीस. कडी काढून गेलीस, तुझा हात पोचतो. खाली पाण्यात तुला त्याचं लाल जाकीट दिसलं. तुला वाटलं, जाकिटात तो आहे. म्हाताऱ्या खलाशाने शिकवलं तसे वेढे दिलेस, कडं फेकलंस आणि सांगायला खाली पळालीस. खोलीत पाहिलंस तर हा टेबलाखाली लपलेला. बरोबर?"

"पडद्यामागे," ती म्हणाली. "पडद्यामागे होता. हसत होता." तिने वेणीचं टोक मुठीत धरलं. मग म्हणाली, "तोपर्यंत भोंगा झाला. मला बोलताच येईना. सगळं जहाज वळलं. सांगितलं असतं तर विचारलं असतं, तू त्याला सोडून वर कशाला गेलीस."

"कशाला गेली होतीस?" आईने विचारलं. आवाज रागाचा नव्हता.

"नुसती बसायला. ती मुलं गेली, बाक रिकामा होता. थोडा वेळ बसले."

"एवढंच?"

"तो बाजारात हरवला होता ना, आई. मी आठ वर्षांची होते. तेव्हापासून तू रोज विचारतेस, तो कुठंय. शाळेतून आले की तेच, जेवताना तेच. मी झोपेतसुद्धा त्याला शोधते. आज पाच मिनिटं बसले, आणि तो पाण्यात." तिने मनगटाने डोळे पुसले, निळ्या पट्ट्यानेच. "शिट्टीताईला उतरवणार हे मला दुपारी कळलं. तेव्हापासून ठरवतेय, सांगू, सांगू. पाय उचलत नव्हते."

मी पोलिसात असताना पुष्कळ कबुल्या ऐकल्या. गुन्हा नसलेली ही पहिलीच, आणि तीच सगळ्यात जड वाटली मला.

८

कप्तानाकडे ती स्वतः गेली. मी फक्त दार धरलं. तिने सगळं सांगितलं, एकही शब्द न गाळता, आणि शेवटी म्हणाली, "शिट्टीताईने कडी लावली होती. मी उघडली."

मी कठड्यावरून काढून आणलेला दोरीचा तुकडा कप्तानाने टेबलावरून उचलला. दोरीत उरलेली वेढ्यांची वळणं त्याने बोटाने चाचपली.

"पाण्यात खरंच माणूस असता," तो म्हणाला, "तर तू जे केलंस तेच करायला हवं होतं. फक्त नंतर बोलायला हवं होतंस. पुढच्या वेळी बोल."

"हो, सर."

"आणि सोळा वर्षांची असशील तर सोळा वर्षांच्यांत जा. बाई, हिचा पट्टा बदला." मग मला हळूच म्हणाला, "शिट्टीला सांगा, बॅग रिकामी करायला. आणि तिच्या त्या शहाण्यांना उद्या बचावाचा धडा. सगळ्यांना. त्या काळ्या चष्मेवाल्यालाही."

कात्रीने मी तो निळा पट्टा कापला. खालची कातडी पांढरीफटक होती. नारिंगी बांधताना तिने हात पुढे केला आणि विचारलं, "आता मी काय करायचं असतं तिथे?"

"काही नाही," मी म्हटलं. "तिथे तेच करतात."

दुसऱ्या दिवशी बंदरावरून परत आल्यावर मागच्या डेकवर गेले. नवा कॅमेरा बसवत होते, त्यावर नजर ठेवायला. मोठा गट जाळ्यावर चेंडू खेळत होता, गोंगाट चालला होता. गॉगल दोरीचे वेढे द्यायला शिकत होता आणि म्हातारा खलाशी त्याला शिव्या देत होता. बाकावर ती मुलगी गाढ झोपली होती. वेणी खाली लोंबत होती, तोंड उघडं. चेंडू बाकापर्यंत गेला तेव्हा शिट्टीने सवयीने शिट्टी तोंडाशी नेली, तिच्याकडे पाहिलं, आणि न वाजवताच खाली सोडली.

तेवढ्यात फाटकाबाहेर धाकटा आला. उड्या मारून बघितलं, हात कडीला पोचेना. "ताई," त्याने हाक मारली. "ताई गं."

झोपेतच तिचा हात हलला. पाय बाकावरून खाली यायला लागले. मी उठणार होते, पण गुडघ्यांच्या आधी तिची आई पोचली. पुस्तक काखेत, बोट पानात अडकवलेलं.

"झोपू दे तिला," ती धाकट्याला म्हणाली. "मला सांग, काय हवंय."

तो तिच्याबरोबर गेला. मुलीचे पाय परत बाकावर गेले आणि ती कुशीवर वळली.